मोठ्या तोंडाची थ्रॉटल बॉडी: जुन्या स्विफ्टवर बसवून पाहिली

वस्तू: १.३ लिटर पेट्रोल स्विफ्टसाठी मोठ्या तोंडाची ॲल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी. ऑनलाइन मागवलेली, खोक्यावर कंपनीचं नाव नाही. किंमत साडेआठ हजार, कुरिअर वेगळं. विकणाऱ्याचा दावा: तोंड मूळ बॉडीपेक्षा ४ मिलिमीटरने मोठं, पॉवर १० ते १५ टक्के जास्त, ॲव्हरेज लिटरमागे २ किलोमीटर जास्त. गाडी: माझी २००८ ची स्विफ्ट, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. मागवणारा: माझा भाचा. पैसे: त्याच्या आईचे.

मी फोंड्याला स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवते. वडिलांच्या वेळेपासूनचं आहे. त्यामुळे माझा फायदा कुठे आहे ते आधीच उघड करते. साडेआठ हजारांची बॉडी विकली तर मला चांगले पैसे सुटतात, एअर फिल्टरवर थोडे सुटतात आणि थ्रॉटल साफ करायच्या स्प्रेवर चहापुरते. पुढे मी स्प्रेचीच बाजू घेणार आहे, तेव्हा मनात शंका आणू नका.

भाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. त्याची स्वतःची गाडी नाही, म्हणून प्रयोगाला मावशीची. मी एका अटीवर हो म्हटलं. बसवण्याआधी मोजायचं, बसवल्यावर मोजायचं, आणि मधल्या काळात "मावशी, पिकअप वाढल्यासारखा वाटतो ना?" असं विचारायचं नाही. ही शेवटची अट त्याने पहिल्याच दिवशी मोडली.

ज्यांनी ही वस्तू कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेट्रोल गाडीत तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा पेट्रोल नाही, हवा सोडता. एअर फिल्टर आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या) यांच्या मध्ये एक नळकांडं असतं, हीच थ्रॉटल बॉडी; त्यात आडव्या दांड्यावर फिरणारी गोल चकती. तिला सगळे बटरफ्लाय म्हणतात. ती जितकी उघडेल तितकी हवा आत जाते, आणि किती हवा गेली ते पाहून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. माझ्या गाडीत ही चकती अजून तारेने ओढली जाते. नव्या गाड्यांत तार नाही, छोटी मोटर आहे. तो फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

विकणाऱ्याचं म्हणणं वरवर पाहता कुणालाही पटेल असं आहे. तोंड मोठं म्हणजे हवा जास्त, हवा जास्त म्हणजे ताकद जास्त. ४५ चं तोंड ४९ केलं तर वर्तुळाचं क्षेत्रफळ जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतं, हे गणित खोटं नाही. फक्त ते चुकीच्या जागी लावलेलं आहे.

आता हातात आलेल्या वस्तूबद्दल. लांबून देखणी होती. बाहेरून मशीन केलेली, चकाकणारी. दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर तिचं तोंड धरलं आणि चकती पूर्ण बंद केली. आमच्या जुन्या बॉडीतून असं पाहिलं की चकतीच्या कडेने केसाएवढी रेघ दिसते, सगळीकडून सारखी. नवीतून एका बाजूला द्वितीयेच्या चंद्रासारखी फट दिसत होती, दुसऱ्या बाजूला चकती भिंतीला टेकलेली. म्हणजे एक तर भोक पुरतं गोल नाही किंवा दांडा मधोमध नाही. कूलंटच्या नळीसाठी जो निपल होता त्याच्या आत ओतकामाची धार तशीच राहिलेली. ती मी कानस मारून काढली, नाही तर सुटून पाण्यात फिरत बसली असती. चकतीचे दोन स्क्रू मागून ठोकून पक्के केलेले नव्हते. ही गोष्ट किरकोळ समजू नका. त्यातला एखादा स्क्रू ढिला झाला तर तो खाली पडत नाही, सरळ इंजिनात जातो. मेस्त्रीने लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून, मागून पंच मारून ते बसवले.

मेस्त्री आमचा कुर्टीचा, माझ्या वडिलांच्या वेळचा गिऱ्हाईक. त्याने बॉडी मॅनिफोल्डवर ठेवून पाहिली आणि आतून बोट फिरवलं. बॉडीचं भोक मोठं, मॅनिफोल्डचं तोंड मात्र कंपनीने दिलं तेवढंच. मध्ये सगळीकडून दोन-दोन मिलिमीटरची पायरी. मोठ्या नळकांड्यातून आलेली हवा पुढच्या क्षणी त्या पायरीवर आपटून पुन्हा जुन्याच भोकातून जाणार. लग्नाच्या हॉलला मोठं प्रवेशद्वार केलं आणि जेवणाच्या खोलीचं दार तेवढंच ठेवलं तर पंगत लवकर उठत नाही. मेस्त्री ग्राइंडर घेऊन मॅनिफोल्डचं तोंड मोठं करायला तयार होता. मी नको म्हटलं. कापलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही, आणि मॅनिफोल्ड पुरता खाली न उतरवता ग्राइंडर चालवला तर भुसा कुठे जाईल ते सांगायला नको. ज्यांना हे करायचंच आहे त्यांनी मॅनिफोल्ड उतरवण्याची मजुरीही हिशेबात धरावी. जाहिरातीत ती नसते.

बॉडीबरोबर टीपीएस दिलेला होता, म्हणजे चकती किती उघडली ते ईसीएमला सांगणारा सेन्सर. मीटर लावून चकती हळूहळू उघडली तर व्होल्टेज मध्येच उडी मारत होतं. अर्ध्या व्होल्टपासून साडेचारच्या आसपास ते सलग चढायला हवं. तो काढून जुना लावला. पॅकिंग माझ्या दुकानातलं, तार जुनीच. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणापर्यंत झालं.

आता मोजमाप. माझी गाडी जुनी आहे, ईसीएममधले आकडे मोबाइलवर दाखवणारा हल्लीचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलत नाही. पण त्याहून साधं हत्यार दुकानात आहे: व्हॅक्यूम गेज, म्हणजे हवेची ओढ मोजणारा मीटर. मॅनिफोल्डच्या एका रबरी नळीला टी जोड लावायचा, लांब नळी खिडकीतून आत घ्यायची आणि गेज शेजारी बसलेल्याच्या हातात द्यायचं. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, निरोगी इंजिन पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांचा व्हॅक्यूम दाखवतं, कारण चकती बंद आहे आणि इंजिन हवेसाठी ओढ घेतंय. पेडल तळाला नेलं की व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर यायला हवा. जो थोडा उरतो ती फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल बॉडी यांनी मिळून केलेली अडवणूक. समुद्रसपाटीला हवेचा दाब ३० इंचांच्या आसपास असतो. म्हणून पूर्ण पेडलला, वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या) गेज १ इंच दाखवत असेल तर सगळी अडवणूक मिळून तीसात एक. ती सगळीच्या सगळी जादूने नाहीशी केली तरी हवा तीन-साडेतीन टक्के वाढेल. मग १५ टक्के कुठून आणणार?

मूळ बॉडी आणि मळलेला फिल्टर असताना सुई दीड इंचाच्या जवळ होती. आमच्या इकडे हे नवल नाही. उसगाव, सावर्डे बाजूला खनिजाच्या ट्रकांमागून गाडी नेली की फिल्टर विटकरी रंगाचा होतो. नवा फिल्टर टाकला तशी सुई एका इंचाच्या आत आली. मग मोठी बॉडी बसवली. दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजार आरपीएमपर्यंत ओढली. भाचा गेजकडे डोळे फाडून पाहत होता. सुई त्याच रेघेवर. हललीच असेल तर स्वतःच्या जाडीपेक्षा कमी.

असं का, ते भाच्यानेच रात्री कागदावर मांडलं. आकडे मला आवडले म्हणून देते. १२९८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा घेतं. ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३९०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६५ लिटर. ४५ मिलिमीटरच्या भोकातून ती जायची तर हवेचा वेग सेकंदाला ४१ मीटर होतो, ४९ च्या भोकातून साडेचौतीस मीटर. ४१ ऐकायला मोठं वाटतं, पण आवाजाचा वेग ३४० च्या वर आहे. हवेला गुदमरायला अजून पुष्कळ जागा आहे. या वेगामुळे दाबात जो तोटा होतो तो पहिल्या भोकात साधारण १ टक्का, दुसऱ्यात पाऊण टक्क्याला थोडा कमी. फरक पाव टक्का. या इंजिनाची पॉवर ८७ हॉर्सपॉवर. पाव टक्का म्हणजे पाव हॉर्सपॉवरच्या आसपास. दांडा, चकती, वळणं धरून दुप्पट केलं तरी अर्धा. ही सगळी गोळाबेरीज मॅनिफोल्डच्या तोंडाची ती पायरी विसरून केलेली आहे.

त्याने आणखी एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धेत कॉलेजची मुलं जी छोटी रेसिंग गाडी बनवतात, तिच्या पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते, असा नियमच आहे. इंजिन ७१० सीसीपर्यंतचं. तिथे हवा खरोखर गुदमरते, म्हणून पोरं त्या नळीच्या आकारावर रात्री जागवतात. आपली स्विफ्ट त्या अवस्थेच्या जवळपासही नाही.

गोव्यातल्या हवेशी हे ताडून पाहा. पहाटे २५ अंश आणि दुपारी ३५ अंश, एवढ्या फरकाने हवा तीन टक्क्यांनी विरळ होते. पावसाळ्यात ३० अंशांना हवा दमट असते तेव्हा तिच्या दाबातला तीन टक्क्यांहून जास्त वाटा नुसत्या वाफेचा असतो, आणि वाफ जळत नाही. चोर्ला घाट चढून वर गेलं की आपण ८०० मीटरच्या आसपास असतो, तिथे दाब नऊ टक्क्यांनी उतरलेला. मी माल आणायला बेळगावला त्याच रस्त्याने जाते. केरीहून चढायला लागल्यावर गाडी वर वर जड होते ती त्यामुळे. साडेआठ हजार देऊन जे मिळालं असतं त्याच्या दसपट रोजचं ऊन-पाऊस घेऊन जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

तरीही बॉडी बसवल्यावर मेस्त्री पहिली चक्कर मारून आला तो खूश होऊन. "बाय, गाडी उडटा गो!" तो खोटं बोलत नव्हता. गाडी खरंच उडत होती, पहिल्या पाव पेडलपुरती. मोठी चकती तेवढ्याच अंशात फिरली तरी कडेची फट मोठी होते. जिथे पूर्वी पाय थोडा दाबून थोडी हवा जायची तिथे आता तेवढ्याच पायाला जास्त हवा. मेंदू म्हणतो, ताकद वाढली. प्रत्यक्षात पुढचं पेडल आधीच वापरून झालं. कमी आरपीएमला तर जुनी बॉडीसुद्धा अर्धी उघडली की इंजिनाला लागेल तेवढी हवा देऊन मोकळी होते. नवी त्याहून आधी देते आणि पेडलचा खालचा भाग नुसता खाली जातो, पुढे काही घडत नाही. फोंड्याच्या बाजारात, तिस्काजवळ, पुढे स्कूटर आणि मागे कदंबाची बस असताना हे 'उडणं' मला दोन दिवसांत नकोसं झालं. पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देते. मच्छीचा डबा मागच्या सीटवर ठेवला असेल तर त्याचा वास आठवडाभर पुरतो.

हल्ली जे थ्रॉटल कंट्रोलर नावाचे छोटे डबे विकतात, पेडलच्या वायरिंगमध्ये लावायचे, स्पोर्ट मोडचं बटन असलेले, ते हेच काम विजेवर करतात. पेडल थोडं दाबलं तरी जास्त दाबलंय असं ईसीएमला सांगतात. पूर्ण पेडलला त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. ज्याला हिसकाच हवा आहे त्याने तो डबा घ्यावा, निदान नको झाला तर बटन दाबून बंद होतो.

खरा पिकअप पाहायला आम्ही रविवारी पहाटे कदंब पठारावरचा सरळ रस्ता गाठला. तिसरा गिअर, ४० ते ८०, दोन्ही दिशांनी, भाचा मोबाइलवर स्पीडोमीटरचं शूटिंग करतोय. जुन्या बॉडीवर वेळ साडेनऊ सेकंदांच्या आसपास आली होती. नवीवरही साडेनऊच्या आसपासच. चित्र थांबवून थांबवून मोजलं तरी दोन फेऱ्यांमधला फरक दोन बॉडींमधल्या फरकापेक्षा मोठा. एसी लावला तेव्हा मात्र दोन्ही वेळा जवळजवळ एक सेकंद गेला. पिकअप हवा असेल तर एसी बंद करा, फुकट आहे.

ॲव्हरेजचं बोलायचं तर तिथे मला आधीपासूनच आशा नव्हती, पण कारण नीट सांगायला हवं, कारण गिऱ्हाईक याच आशेवर पैसे काढतो. पेट्रोल इंजिन अर्धवट उघड्या चकतीतून हवा ओढतं तेव्हा त्याला ओढायचेच कष्ट पडतात. इंजिनिअर लोक याला पंपिंग लॉस म्हणतात. हा तोटा खरा आहे. डिझेल गाडीत ताकद चकतीने नाही, डिझेलच्या मापाने कमी-जास्त करतात, आणि डिझेल कमी पितं त्याच्या कारणांपैकी हे एक. मग मोठ्या भोकाने हा तोटा कमी व्हायला नको का? नाही होत. बोरीच्या पुलावरून ६० ने जायला इंजिनाला ठरावीक हवा लागते. त्या हवेसाठी मॅनिफोल्डमध्ये ठरावीक दाब लागतो. भोक ४५ चं असो की ४९ चं, तुमचा पाय चकती अशी धरतो की आतला दाब तेवढाच राहील. मोठ्या बॉडीत चकती थोडी कमी उघडी राहील, इतकंच. अडवणूक चकतीची आहे, आणि त्या अडवणुकीनेच तुम्हाला पाहिजे तो स्पीड राहतो. ती काढली तर गाडी ६० ला थांबणार नाही.

हा तोटा खरोखर कमी करणाऱ्या युक्त्या वेगळ्या आहेत आणि त्या साडेआठ हजारांत येत नाहीत. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॅल्व्हट्रॉनिक आणलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा यावरच हवा ठरवतात, चकती बहुतेक वेळ उघडीच. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांचं इंजिन इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतं. छोटं इंजिन आणि टर्बो ही तिसरी वाट, बऱ्याच कंपन्या तिकडे गेल्या. हे इंजिनाच्या पोटातलं काम आहे, बाहेरून चार बोल्टवर बसत नाही.

टाकी ते टाकी मोजलं. त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी उभी करून, नोझल पहिल्यांदा कट झाल्यावर थांबून. जुन्या बॉडीवर, नव्या फिल्टरसह १४.८ आलं होतं. नवीवर १४.५. मी याला तोटा म्हणत नाही, पंपाच्या कटमध्येच एवढं इकडेतिकडे होतं. पण २ किलोमीटरची वाढ? ती कुठल्याच टाकीत दिसली नाही. दावा खरा असता तरी हिशेब असा: वर्षाला बारा हजार किलोमीटर, पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे ८०० लिटर. सतराने ७०६ लिटर. वर्षाला ९४ लिटर वाचले असते, पैसे एका वर्षात वसूल. म्हणूनच तो आकडा जाहिरातीत असतो. तो कुणीतरी मागून पुढे मांडलेला आहे.

आयडलिंग शेवटपर्यंत जागेवर आलं नाही. साडेआठशेच्या जागी अकराशे-बाराशे. ट्यूबलाइटसमोर दिसलेली ती फट आठवा. चकती बंद असतानाही तिथून हवा जातेच, आणि ईसीएमचा आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटला तरी ती थांबवू शकत नाही. या इंजिनात हवा मॅनिफोल्डच्या दाबावरून मोजतात, त्यामुळे मिश्रण बिघडलं नाही, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. पण सिग्नलला उभं असताना फुकट पेट्रोल जातं, आणि क्लच सोडला की गाडी स्वतःच सरकते. पीयूसीवाल्याने आरपीएमकडे पाहून भुवई उंचावली, ती वेगळीच.

ज्यांच्या गाडीत तार नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, त्यांनी तर या फंदात ट्यूनिंगशिवाय पडूच नये. तिथे पेडल फक्त विनंती करतं, चकती किती उघडायची ते ईसीएम ठरवतो, आणि अमुक अंशाला अमुक हवा हा तक्ता त्याच्याकडे कंपनीचा आहे. वेगळं भोक लावलं की हिशेब जुळत नाही. आयडल जास्त म्हणून पी ०५०७ हा फॉल्ट कोड येतो, सेन्सर एकमेकांशी जुळले नाहीत तर पी २१३५. चेक लाइट लागते आणि गाडी लिंप मोडमध्ये (ईसीएम स्वतःच ताकद आवरतो तो) जाऊन म्हाताऱ्यासारखी चालते. काही वेळा तर ईसीएम जास्त आलेली हवा पाहून चकतीच कमी उघडतो, म्हणजे पैसे देऊन पुन्हा होतो तिथेच. वॉरंटी असलेल्या गाडीचं काय होईल ते वेगळं सांगत नाही.

मोठी बॉडी कुणाला लागते? ज्याने इंजिनच बदललंय. मोठ्या मापाचं इंजिन बसवलं, कॅम बदलून सात-आठ हजार आरपीएमला ताकद आणली, हेड पोर्ट केलं, टर्बो लावला. अशा इंजिनाला हवा जास्त लागते आणि मूळ बॉडी तिथे खरोखर तोकडी पडू शकते. तिथेही आधी व्हॅक्यूम गेज लावा, किंवा २०१३ नंतरची गाडी असेल तर ओबीडी स्कॅनर. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता मॅनिफोल्डचा दाब वाचा, तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पेडलला वरच्या आरपीएमला पुन्हा वाचा. ९७-९८ असेल तर खिसा बंद करा. ९० च्या खाली जात असेल तर फिल्टर, पाइप, बॉडी या क्रमाने शोधा. टर्बो गाडीला ही परीक्षा अशीच लागू होत नाही, तिचं गणित निराळं.

भाच्याने आठवडाभराने कबूल केलं, मी जुनी परत लावायला सांगितली. आणि इथे या सगळ्या प्रकरणातला खरा फायदा झाला. जुनी बॉडी टेबलावर होतीच. टॉर्च मारून पाहिलं तर चकती जिथे टेकते तिथे काळं कडं, बोट लावलं तर डांबरासारखं चिकट. इंजिनाच्या पोटातून येणारी तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीने इथेच येते आणि धुळीशी मिळून बसते. या कड्यामुळे आयडलिंगची हवा अडते, सकाळी इंजिन गडगडतं, एसी लावला की आरपीएम पडतात. स्प्रेचा डबा चारशेच्या आतला, एक जुना टूथब्रश, जुनी बनियन. गाडीवरून उतरवलेली असल्याने दोन्ही बाजूंनी साफ करता आली. चकती चाकूने खरवडू नका, काही बॉडींना कडेला मुद्दाम लेप दिलेला असतो, तो घाण समजून काढला तर आयडलिंग आणखी बिघडतं. इलेक्ट्रॉनिक बॉडीची चकती बोटाने ढकलून उघडू नका, आत प्लास्टिकचे दाते आहेत. स्प्रे थेट सेन्सरवर मारू नका. आणि समुद्राकाठच्या गाड्यांना, मोरजी-कळंगुटकडच्या, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती बोल्टच्या आट्यात गेली असेल तर जोर न लावता आधी तेल सोडून थांबा.

साफ केल्यावर आयडलिंग साडेआठशेला घट्ट बसलं. फर्मागुडीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये एसीसकट गाडी कुरकुर न करता गेली. भाचा म्हणाला, "हाच पिकअप मी मोठ्या बॉडीत शोधत होतो." शोधत होता ते मळाखाली होतं.

मोठ्या बॉडीला पाचात दीड देते. अर्धा बाहेरच्या मशीनिंगला, एक बोल्टची भोकं बरोबर जुळली त्याला. विकणाऱ्याला फटीचा फोटो पाठवला तर उत्तर आलं की 'रेसिंग पार्टला असं असतं', आणि बसवलेला माल परत घेत नाही. सध्या ती माझ्या काउंटरमागे आहे. सावर्ड्याचा एक जण जुन्या जिप्सीत १.६ इंजिन बसवतोय, त्याला दोन हजारांत देणार आहे, टीपीएस सोडून, आणि फट ट्यूबलाइटवर दाखवून. मॅनिफोल्डचं तोंड तो आधी मोजून आणणार आहे.